पुंडलिकभाऊंचं प्रतिज्ञापत्र

कापड मोजताना पुंडलिकभाऊ सुताचीही चूक करत नसत. वेळ मोजायची आली की मात्र त्यांची टेप कुठल्या कुठे जायची. दुकानातला बल्ब दिवाळीत लावलेला असायचा, संक्रांतीला तो उडाला की हे हळहळून म्हणायचे, "वीस वर्सं साथ देल्ली बापा यानं." तिशीतला पोस्टमन दारात उभा राहिला की, "हा मानूस मले पन्नास वर्सांपासून छळून राह्यला." पोस्टमन हसायचा, गिऱ्हाईक हसायचं आणि भाऊ मान खाली घालून पायडल मारत राहायचे. आमच्या वाशिमजवळच्या मालेगावात 'पुंडलिकची पंधरा वर्सं' अशी म्हणच पडली होती. हॉटेलात चहा यायला उशीर झाला तरी लोक म्हणायचे, येते, पुंडलिकच्या पंधरा वर्सांत येते.

मी बदली होऊन इथल्या शाळेत आले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. दोन ब्लाऊज शिवायचे होते म्हणून भाऊंच्या दुकानात गेले. त्यांनी टेप उचलायच्या आधीच, नुसतं पाहून सांगितलं, "बाई, तुमचा उजवा खांदा अर्धा बोट उतरला. फळ्यावर लिहू लिहू होते असं." मग गाव विचारलं, माहेर विचारलं, खोलीची अडचण ऐकली, आणि मशीन तसंच टाकून मला घेऊन शेजारच्या घरमालकाकडे गेले. "द्या हिले खोली. बाईले मी धा वर्सांपासून ओयखतो." ओळख होऊन पाऊण तास झाला होता. घरमालकालाही ते कळलं असणार, कारण तो माझ्याकडे पाहून हसला. पण किल्ली त्यानं दिली. त्याच खोलीत मी अजून राहते.

पुढे माझ्या लक्षात आलं की भाऊंची वर्षं काळ मोजायला नसायचीच. माणूस आवडला की त्याची ओळख जुनी व्हायची. कापड चांगलं निघालं की त्याचा दुकानदार जुना व्हायचा. दुखणं मोठं असलं की तेही जुनं व्हायचं. ज्याला आपण 'फार' म्हणतो त्याला ते 'पंधरा वर्सं' म्हणत, एवढंच. हे सगळ्या गावाला कळत होतं, शिकवावं लागत नव्हतं.

आणि दुरुस्तीची सोय घरातच होती. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात पडदा होता आणि पडद्याआड गोदावहिनी काजं-बटणं करत बसलेल्या असायच्या. त्या कमी बोलायच्या. पण भाऊंनी बाहेर 'वीस वर्सं' म्हटलं की आतून आवाज यायचा, "दिवाळीचा हाय तो. वसुबारसेले लावला." सुई चालूच असायची. कुणाचं लग्न कोणत्या वर्षी, कुणाची साडी कोणत्या सणाला फॉलला दिली, सगळं त्यांना तिथीवार तोंडपाठ. भाऊ लाजायचे नाहीत. उलट कौतुकानं सांगायचे, "तारखा तिच्याकडं, मापं माह्याकडं. असा संसार हाय आमचा."

आरोग्य विम्याची पॉलिसी भाऊंनी घेतली ती बँकेतल्या पोरानं गळ घातली म्हणून. तो फॉर्म मीच भरला होता, म्हणून मला चांगला आठवतो. भाऊंना एकही तारीख सांगू दिली नाही. गोदावहिनी पडद्याआडून सांगत होत्या आणि मी लिहीत होते. जन्मतारखा, भाऊंचं हर्नियाचं ऑपरेशन, वहिनींचा एकदा झालेला टायफॉइड. त्या फॉर्मातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. कार्ड आलं तेव्हा भाऊंनी ते आठवडाभर गिऱ्हाइकांना दाखवलं. "आता गोदीले शिंक आली तं कंपनी धावत येते." दरवर्षी हप्ता भरायची आठवण वहिनीच करून द्यायच्या, आणि तो एकदाही चुकला नाही.

पॉलिसीचं तिसरं वर्ष चालू असताना वहिनींना धाप लागू लागली. आधी पाणी भरताना, मग चार पायऱ्या चढताना, मग नुसतं पडल्या पडल्या. वाशिमच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच अकोल्याला पाठवलं. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ती बदलायची होती आणि लवकर बदलायची होती. इंग्रजी वाचता येतं म्हणून भाऊंनी मला सोबत घेतलं. दिवाळीची सुट्टी होती.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. डॉक्टरला 'कालपासून दुखतंय' म्हटलं की तो गोळी देऊन वाटेला लावतो, असा आमच्या भागात लोकांचा पक्का समज आहे. नीट तपासून घ्यायचं तर दुखणं जुनं करून सांगायचं. माझी आईसुद्धा तेच करायची. चार दिवसांच्या खोकल्याला ती 'पावसाळ्यापासून' म्हणायची. यात कुणाला फसवायचं नसतं. डॉक्टरनं मान वर करून आपल्याकडे पाहावं एवढीच त्यात विनवणी असते.

दाखल करून घेताना एक तरुण डॉक्टर पॅड घेऊन आला. डोळे लाल, बहुतेक दोन दिवस झोपला नसावा. पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. आत वहिनींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डॉक्टरनं बाहेर भाऊंना विचारलं, "धाप कधीपासून आहे?"

"लय जुनं दुखनं हाय साहेब," भाऊ हात जोडून म्हणाले. "पंधरा वर्सं झाले."

मी तिथेच उभी होते. मी ऐकलं. आणि हे लिहायलाच हवं, मी हसले. नेहमीचं होतं ना ते! पडद्याआडून दुरुस्ती येईल असं कुठेतरी मनात धरून मी उभी राहिले. मास्क लावलेल्या बाईचा आवाज कुठून येणार? डॉक्टरनं लिहून घेतलं आणि तो पुढच्या पलंगाकडे गेला.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. वहिनींना हिरवा झगा घातला, हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. स्ट्रेचर दाराशी आलं आणि विम्याच्या खिडकीवरची मुलगी भाऊंना शोधत आली. कंपनीनं मंजुरी नाकारली होती. तिनं कागद माझ्या हातात दिला. रुग्णाला पंधरा वर्षांपासून धाप लागण्याचा त्रास असल्याची नोंद आहे, पॉलिसी घेताना ही माहिती दडवली, सबब मंजुरी नाकारण्यात येत आहे.

मी मराठीत सांगितलं तेव्हा भाऊंना आधी नीट कळलंच नाही. मग म्हणाले, "पन ते तं मी म्हन्लो व्हतो."

"म्हणूनच काका," ती मुलगी म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं.

"नाई नाई, मी म्हन्लो म्हून ते खरं थोडीच हाय?"

ती खिडकीकडे परत गेली. स्ट्रेचर परत फिरलं. मी बांगड्या हातात धरून उभी होते आणि मला खरंच वाटेना. एका बाईचं हृदय बंद पडायला आलंय, तिला तपासणारे डॉक्टर म्हणताहेत आजच करा, आणि कुठल्या तरी शहरात बसलेलं, तिला न पाहिलेलं कुणीतरी म्हणतंय नाही. का, तर तिच्या नवऱ्यानं एक आकडा सांगितला. पदरचं घालून ऑपरेशन करावं तर दुकान आणि घर दोन्ही विकूनही भागलं नसतं. सरकारी योजनेत नागपूरला नाव लावलं, पण तिथली रांग लांब होती. औषधं घेऊन आम्ही परत आलो.

त्या तरुण डॉक्टरनं स्वतःहून चिठ्ठी लिहून दिली, की कालावधी नवऱ्यानं अंदाजे सांगितला होता, तपासणीत दुखणं तेवढं जुनं दिसत नाही. कंपनीनं कळवलं की ही चिठ्ठी नाकारल्यानंतरची आहे, म्हणून ग्राह्य नाही. मालेगावच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की ही बाई कधी धाप लागते म्हणून माझ्याकडे आलेली नाही. कंपनीनं कळवलं, याचा अर्थ त्रास नव्हता असा होत नाही. पत्रं मी लिहीत होते, उत्तरं मी वाचून दाखवत होते, आणि दरवेळी त्यांना आणखी एक नवा कागद हवा असायचा.

मग एक दिवस भाऊच म्हणाले, "बाई, मले टाइमाचं भान नाई, हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. तेच कागदावर लिहून देऊ."

तहसील कचेरीसमोर टाइप करून देणाऱ्याकडे आम्ही गेलो. मजकूर भाऊंनी तोंडी सांगितला, मी जरा सरकारी केला. 'मी पुंडलिक, वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मला दिवस व वर्षे यांचा अंदाज नाही. मी बोलण्यात सांगतो ते आकडे कोणीही खरे धरू नयेत.' टाइपवाल्यानं मान वर केली. "भाऊ, मंग वय अठ्ठावन्नच धरू, का तेबी...?" भाऊही हसले. ते मी त्यांना शेवटचं मनमोकळं हसताना पाहिलं.

त्या प्रतिज्ञापत्राला साक्षीदारांची यादी जोडायचं ठरलं. चार दिवस भाऊ दुकान बंद ठेवून घरोघर फिरले. चांगला इस्तरीचा सदरा घालून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "माह्या बोलन्यावर इस्वास ठेवू नये, अशी सही द्या." पहिल्या दिवशी लोकांनी थट्टामस्करीत सह्या केल्या. पोस्टमननं लिहिलं, 'माझं वय एकतीस आहे. हे मला पन्नास वर्षांपासून ओळखतात.' घरमालकानं माझ्या खोलीची हकिकत लिहिली, तिच्याखाली मी सही केली. बँकेतल्या त्या पोरानं गुपचूप येऊन सही केली. पण दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येकाला आपली जुनी ओळख म्हटलं, तो आता दारोदार जाऊन आपण खोटं बोलतो याचे पुरावे गोळा करत होता. शिरपूरला त्यांच्या धनजच्या लेकीचे सासरे राहतात. त्यांच्याकडेही गेले. व्याह्यांनी सही केली आणि आत जाऊन डोळे पुसले, असं मला त्यांच्या धाकट्या सुनेनं सांगितलं.

उत्तर महिन्याभरानं आलं. मी ते वर्गात, मधल्या सुट्टीत उघडलं. विमाधारकाने आपण चुकीची माहिती देतो असे स्वतः कबूल केले आहे. सबब पॉलिसी घेताना दिलेली इतर माहितीही विश्वासार्ह मानता येत नाही. मी तीनदा वाचलं. पंचवीस वर्षं मुलांना भाषा शिकवली, पण भाषेनं माणसाचा गळा असा दाबता येतो हे मला माहीत नव्हतं. फॉर्मात खरं लिहिलं तरी दडवलं, खोटं बोललो म्हणाला तर मग सगळंच खोटं. यातून माणसानं बाहेर पडायचं तरी कुठल्या दारानं?

भाऊंना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हौ, बरोबर हाय त्याईचं. मीच लिहून देल्लं ना." त्या दिवसापासून ते बोलायचे कमी झाले. ब्लाऊज कधी देता म्हणून गिऱ्हाइकानं विचारलं की मशीन थांबवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायचे, बोटं मोजायचे, आणि तरी उत्तर द्यायला भ्यायचे. पडद्याआड सुई बंद होती. वहिनी आता उशांना टेकून बसूनच झोपत.

शेवटी आम्ही विमा लोकपालांकडे तक्रार केली. मे महिन्यात सुनावणी लागली, तीही पडद्यावर. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. वहिनींना रिक्षातून आणलं. पडद्यावर एक अधिकारी बाई होत्या आणि कंपनीचा एक तरुण होता. त्यानं भराभर वाचून दाखवलं. भाऊंनी नुसते हात जोडले.

बाईंनी विचारलं, "पेशंट आहेत का तिथे? त्यांना पुढे घ्या." मग त्यांनाच विचारलं, "तुम्हाला धाप पहिल्यांदा कधी लागली?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी," गोदावहिनी म्हणाल्या. दर दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत होता. "सकाळी. पानी भरताना. दुसरी भरलेली गुंडी उचलली तवा. त्याच्या आंधी कधी नाई."

"दवाखान्यात कुणी विचारलं नाही तुम्हाला?"

"मले कोनीच विचारलं नाई. यायले विचारलं. हे पंधरा वर्सं म्हंते तं ते पंधरा दिवस समजा लागते. लगन झालं तवापासून मी समजूनच घेऊन राह्यली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कंपनीच्या तरुणाला विचारलं, "मंजुरी नाकारण्याआधी यांना एक फोन केला होता का? तपासणाऱ्या डॉक्टरांना?"

तो म्हणाला, "प्रोसेसमध्ये तसं नाहीये, मॅडम."

प्रोसेसमध्ये तसं नाहीये! मोठमोठे कायदे मला कळत नाहीत. पण एवढं कळतं की उपचार नाकारायचा असेल तर नाकारणाऱ्यानं आधी आजारी माणसाशी बोललं पाहिजे, त्याला तपासणाऱ्या डॉक्टरशी बोललं पाहिजे, आणि नकाराखाली आपलं नाव लिहिलं पाहिजे. पुरावा आणायचा तर कंपनीनं आणावा. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्यानं काय दारोदार फिरून आपण खरे आहोत ते सिद्ध करायचं? एवढा नियम कुणाला करता येऊ नये? एका फोनला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते सगळं मिटलं असतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. नकार चुकीचा, ऑपरेशनला मंजुरी द्यावी. कंपनीचं मंजुरीचं पत्र आलं तेव्हा शाळा नुकती सुरू झाली होती. भाऊ ते पत्र घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. मी रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी करून तिघं अकोल्याला गेलो. वहिनींनी नवं पातळ नेसलं होतं. मेडशीच्या पुढे घाटात त्यांना फार त्रास झाला, पण त्या एकदाही थांबा म्हणाल्या नाहीत.

नोव्हेंबरात ऑपरेशन करणार होते तेच डॉक्टर होते. त्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. वहिनी बाहेर चाकाच्या खुर्चीत होत्या. डॉक्टरांनी मंजुरीचं पत्र पाहिलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "नोव्हेंबरात केलं असतं तर जमलं असतं. आता हृदयच फार थकलंय. टेबलावर घेतलं तर त्या परत उठणार नाहीत."

भाऊ म्हणाले, "पन साहेब, मंजूर झालं ना."

भाऊंनी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं, ऐकू गेलं नसेल अशा समजुतीनं. मग ते उठले. मला वाटलं ते ओरडतील, टेबलावर हात आपटतील. मला स्वतःला तसं करावंसं वाटत होतं. त्यांनी ते पत्र उचललं, घडीवर घडी घातली आणि खिशात ठेवलं.

वहिनी पोळ्याच्या आधी गेल्या. भाऊंनी मशीन विकलं आणि ते लेकीकडे धनजला राहायला गेले. जाताना मला भेटून गेले. मला भाऊ आठवतात ते त्या दिवशीचे, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेले.

बाहेर खूप गर्दी होती. वहिनींची खुर्ची भिंतीशी उभी होती. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि मान उंच केली.

"काय म्हन्ले डाक्टर?"

भाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मंजूर झालं," ते म्हणाले.

वहिनींनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "मंग कवा?"

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली बसले, वहिनींच्या पायातून निसटलेली चप्पल उचलली आणि त्यांच्या सुजलेल्या पायात घालू लागले. ती चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.